वाघीण, माउली आणि घाटाखालचा विद्यार्थी

एखाद्या परक्या भाषेविषयीं समाज काय विचार करतो, हें त्याच्या ठरावांवरून व अभ्यासक्रमांवरून जितकें कळतें, त्याहून अधिक तो तिला कोणत्या उपमेनें ओळखतो यावरून कळतें. ठराव बदलतात, उपमा मात्र बोलण्यांत मुरते आणि पुढच्या पिढ्यांना विचाराचे श्रम न देतां तयार निर्णय पुरविते. इंग्रजीविषयीं मराठींत अशा दोन उपमा आहेत. एक विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नांवावर चालत आलेली, वाघिणीच्या दुधाची. दुसरी सावित्रीबाई फुले यांच्या कवितेंतील, माउलीची. पहिली सभासंमेलनांतून इतकी झिजली आहे कीं तिच्या अर्थाकडे कोणी पाहत नाहीं. दुसरीकडे वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं फार दिवस पाहिलेंच नाहीं. या दोन्हींचें परीक्षण कर्जत व खालापूर या घाटाखालच्या तालुक्यांतून महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थ्यास समोर ठेवून करावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उपमा ज्यांच्याकरितां केली त्यांना ती शोभतेच. ज्यांचा विचार करतांना ती सुचली नाहीं, त्यांच्यापुढें ती कितपत टिकते हें पाहिलें म्हणजे तिचें खरें मोल कळतें.

चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ सालीं सुरू झाली व १८८१ पर्यंत तिचे ८४ अंक निघाले. तिच्या पहिल्याच निबंधाचा विषय मराठी भाषेची सद्यःस्थिति हा होता. परंतु मराठीचा हा कैवारी ज्या वाक्यरचनेच्या बळावर लढला, ती कोठें घडली? वडील कृष्णशास्त्री यांनीं हातीं घेतलेलें जॉन्सनच्या 'रासेलस'चें भाषांतर विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलें. जॉन्सनच्या चरित्रावर त्यांनीं मालेंत विस्तृत लेखन केलें. मेकॉलेच्या गद्याचा ठसा त्यांच्या शैलीवर आहे, हें टीकाकार वारंवार दाखवीत आले आहेत. म्हणजे शास्त्रीबोवांनीं इंग्रजी नुसती वाचली नाहीं. ती मराठींत उतरवितां उतरवितां त्यांची मराठी ताठ कण्याची झाली. या अनुभवाला वाघिणीच्या दुधाची उपमा चपखल बसते. दूध परक्या जातीचें, परंतु पिणाऱ्याचें स्वतःचें बळ वाढविणारें.

पण हें दूध पचलें कोणाला? ज्याच्या घरीं संस्कृताचें अध्ययन पिढीजात होतें, ज्याचे वडील स्वतः ग्रंथकार होते, मोरोपंतांच्या आर्या ज्याच्या कानांवरून लहानपणींच गेल्या होत्या, अशा तरुणाला. इंग्रजीशीं गांठ पडण्यापूर्वींच त्याचें भरणपोषण दुसऱ्या दुधावर झालेलें होतें. उपमा हा आधींचा भाग गाळते आणि केवळ वाघीण दाखविते. त्यामुळें तिच्यांत एक अन्याय शिरला आहे. ज्याला इंग्रजी आली नाहीं, त्याला तें दूध पचलें नाहीं असें म्हणून मोकळें होतां येतें. दोष सारा पिणाऱ्याच्या पोटाचा ठरतो. वाढणाऱ्याला कोणी विचारीत नाहीं. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ आमच्या शाळा-महाविद्यालयांतील इंग्रजीचे निकाल याच सोयीच्या तर्कानें समजावून दिले गेले आहेत.

सावित्रीबाईंचें 'काव्यफुले' १८५४ सालीं प्रसिद्ध झालें, म्हणजे 'निबंधमाले'च्या वीस वर्षें आधीं. त्यांतील एका कवितेंत त्यांनीं इंग्रजीला माउली म्हटलें आहे. ज्यांना गीर्वाणवाणीचें दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होतें, त्यांच्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे या शब्दाची धार कळते. माउली हा वारकऱ्यांचा शब्द आहे. ज्ञानोबांना व विठोबाला वाहिलेलें हें संबोधन परदेशी सत्तेच्या भाषेला देण्याचें धाडस त्या काळीं एका स्त्रीनें केलें, ही गोष्ट काव्यदृष्ट्याही लहान नाहीं. चिपळूणकरी उपमेंत इंग्रजी ही पराक्रम्याची कमाई आहे. येथें ती वंचिताचा आसरा आहे. एकींत पिणाऱ्याची योग्यता आधीं सिद्ध व्हावी लागते. दुसरींत लेंकरूं असणें एवढीच योग्यता पुरते.

न्यायाच्या बाजूनें ही दुसरी उपमा थोर आहे, यांत संशय नाहीं. तथापि शिक्षणाच्या बाजूनें तिच्यांतही एक उणीव राहते. आईची भाषा कोणी शिकवावी लागत नाहीं; ती मांडीवर येते. इंग्रजी तशी येत नाहीं. तिला माउली म्हटलें कीं ती आपोआप जवळ घेईल अशी आशा उत्पन्न होते, आणि आज खेड्यापाड्यांतील आईबाप पोटाला चिमटा घेऊन मुलाला इंग्रजी नांवाच्या शाळेंत घालतात, तें याच आशेवर. सावित्रीबाईंनीं स्वतः मात्र ही भूल पडूं दिली नाहीं. इंग्रजीचें स्तवन त्यांनीं मराठींत केलें, मराठी छंदांत केलें, आणि मुलींना शिकविलें तेंही मराठींत. उपमा भक्तीची होती. व्यवहार शिक्षिकेचा होता. अनुयायांनीं भक्ति उचलली आणि व्यवहार सोडून दिला.

या दोन्ही उपमांच्या आधीं, कोणतीही उपमा न करतां, एका तरुण मराठी माणसानें हाच प्रश्न छापखान्यांत सोडवून दाखविला होता. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' काढलें. त्याच्या पानावर दोन स्तंभ असत. एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस इंग्रजी. या मांडणीचा अर्थ आम्हीं पुरेसा ओळखलेला नाहीं. एकाच पानावर दोन भाषा समोरासमोर उभ्या केल्या म्हणजे वाचकाची नजर उजवीकडून डावीकडे व डावीकडून उजवीकडे जात राहते. इंग्रजींत सहज म्हटलेलें मराठींत कोठें अडतें आणि मराठीचें एक क्रियापद इंग्रजीला तीन शब्दांत कसें सांगावें लागतें, हें तो आपल्या डोळ्यांनीं पाहतो. पुढें मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशानें तेंच काम शब्दांच्या बाबतींत केलें. १८५७ च्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तींत पंडितांच्या शब्दांबरोबर कुणब्यांचे, कारागिरांचे, कोंकणांतले व देशावरचे शब्दही आहेत. ज्या शब्दांना आमचे विद्वान् गांवढळ म्हणून नाक मुरडीत, त्यांना एका परकीयानें इंग्रजी अर्थ लावून दिले. परभाषेशीं संबंध कसा असावा याचा नमुना या स्तंभांत व या कोशांत आहे. दोन भाषांमध्यें वाट असावी आणि त्या वाटेनें दोन्ही बाजूंनीं वाहतूक चालावी, एवढेंच त्याचें सूत्र.

आतां घाटाखालीं येऊं. कर्जत हें मुंबईपासून रेल्वेनें शंभर किलोमीटर, आणि तेथूनच बोरघाटाचा चढ लागतो. १८५६ सालीं रेल्वे खोपोलीपर्यंत आली आणि घाटांतील मार्ग १८६३ मध्यें खुला झाला. मधल्या वर्षांत उतारूंना खोपोलीस उतरून डोलींतून किंवा मिळेल त्या साधनानें खंडाळा गांठावा लागे. त्या वेळच्या इंग्रजी कागदपत्रांत खोपोलीचें नांव 'कँपूली' असें आढळतें. इंग्रजी लेखणीनें आमच्या गांवाचें नांव असें ऐकलें; आमच्या गांवानेंही उसनें ठेवलें नाहीं. प्लॅटफॉर्मचा फलाट केला, स्टेशनचें ठेसन केलें, सिग्नलचा शिंगल केला. रुळांवर काम करणाऱ्या गँगांतील माणसांना हे शब्द कोणत्याही वर्गांत शिकवावे लागले नाहींत. त्यांनीं ते हातांत घेतले, आपल्या जिभेच्या मापानें घासले आणि वापरांत आणले. या भागांत इंग्रजी प्रथम आली ती अशी, हत्यारांबरोबर व हमालीबरोबर. पुस्तकांतून ती फार मागाहून आली.

आज कर्जतला व खोपोलीला मुंबई विद्यापीठाशीं संलग्न महाविद्यालयें आहेत. तेथें येणारा मुलगा किंवा मुलगी शासकीय भाषेंत इंग्रजी 'द्वितीय भाषा' म्हणून शिकते. या 'द्वितीय' शब्दाकडे टीकाकाराच्या नजरेनें पाहिलें पाहिजे. कर्जत व खालापूर यांच्या डोंगरउतारांवर ठाकरांच्या व कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. ठाकरवाडींतील मुलाच्या घरची बोली मराठीच्या जवळची खरी, परंतु पाठ्यपुस्तकाची मराठी ती नव्हे. कातकरी बोली मराठी-कोंकणीच्या कुळांतली, पण शाळेंत पहिल्या दिवशीं बसलेल्या कातकरी मुलाला गुरुजींचें बोलणें परकेंच वाटतें. त्यांतून दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेलें कीं पावसाळ्यापर्यंत शाळाच सुटते. अशा मुलाची पहिली परभाषा मराठी आहे. दुसरी हिंदी; ती बाजारांतून, चित्रपटांतून, ठेकेदाराच्या तोंडून येते. इंग्रजी तिसरी किंवा चौथी. २००० सालापासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. त्यामुळें या मुलावर दोन परक्या भाषा एकाच वेळीं येऊन पडल्या, आणि कागदावर मात्र एकीची नोंद 'मातृभाषा' अशी व दुसरीची 'द्वितीय' अशी झाली. आकडा चुकला तेव्हांच उपाय चुकला. वाघिणीच्या उपमेंत घरचें पहिलें दूध गृहीत धरलेलें असतें, असें वर म्हटलें. येथें तर त्या पहिल्या दुधाची नोंदच नाहीं.

आतां ज्या पुस्तकांतून मराठी मुलगा इंग्रजी शिकला व शिकतो, त्यांचा विचार करूं. तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' पिढ्यान्‌पिढ्यांची सोबतीण होती; आजही पुस्तकांच्या दुकानांत ती मिळते. तिची पद्धति सर्वांस ठाऊक आहे. कांहीं शब्द द्यावयाचे, व्याकरणाचा एक नियम सांगावयाचा, मग त्या नियमाला धरून मराठी वाक्यें इंग्रजींत व इंग्रजी वाक्यें मराठींत करावयास लावावयाचीं. या पद्धतीची थट्टा करणें सोपें आहे. वाक्यांना मागचा-पुढचा संबंध नाहीं. राजा, माळी, घोडा आणि विहीर एकाच पाठांत कोणत्याही कारणावांचून भेटतात. कोणी कोणाशीं बोलत नाहीं. जिवंत भाषण तिच्यांत नाहीं, हा आक्षेप खरा आहे. परंतु तिच्यांत एक गुण होता, तो तिच्या टीकाकारांच्या हातून निसटला. ती दोन्ही दिशांनीं चालत असे. इंग्रजी वाक्य मराठींत आणतांना विद्यार्थ्याला आपली विभक्ति, आपला कर्मणिप्रयोग, आपला शब्दक्रम प्रथमच दिसे. इंग्रजी शिकतां शिकतां तो मराठीचें व्याकरण शिकून जाई. 'दर्पणा'चे दोन स्तंभ तिनें, ओबडधोबड कां होईना, प्रत्येक घरांत नेऊन पोंचविले.

पुढें शिक्षणशास्त्र्यांनीं ठरविलें कीं परभाषा शिकवितांना मातृभाषेला वर्गाबाहेर ठेवावें. ही प्रत्यक्ष पद्धति मुळांत वाईट नाहीं. बोलणें बोलूनच येतें. पण तिला लहान वर्ग हवा, इंग्रजी सहज बोलणारा शिक्षक हवा, आणि वर्गाबाहेरही ती भाषा कानीं पडावयास हवी. यांतलें कांहींच नसतां केवळ मराठीला हांकलून दिलें, तर मुलाच्या मनांत चाललेलें भाषांतर थांबत नाहीं. तें फक्त चोरून चालूं लागतें, आणि चोरून चाललेल्या कामाच्या चुका कोणी दुरुस्त करीत नाहीं. मार्गदर्शिकांतील मराठी अर्थ पाठ करणारा विद्यार्थी आपण रोज पाहतों. तो बंदी घातलेलें भाषांतरच करीत असतो, पण सर्वांत निकृष्ट प्रतीचें.

अलीकडे महाविद्यालयांतील सक्तीच्या इंग्रजीला 'संवादकौशल्य' असें नांव मिळालें आहे. या वर्गाचीं पुस्तकें आम्हीं बारकाईनें वाचलीं आहेत. अर्ज कसा करावा, मुलाखतींत कसें बसावें, स्वतःचा परिचय चार ओळींत कसा द्यावा, तक्रारीचें उत्तर नम्रपणें कसें लिहावें, हे त्यांतले धडे. उपयोग नाहीं असें कोण म्हणेल? खोपोली-रसायनीकडे कारखाने आहेत. खालापुरावरून द्रुतगति मार्ग जातो. कर्जतच्या नदीकांठीं व डोंगरपायथ्यांशीं फार्महाऊसें व रिसॉर्टें उभीं आहेत. माथेरान पर्यटकांवर जगतें. तेथें काम मागावयास जाणाऱ्याला चार वाक्यें इंग्रजींत नीट बोलतां आलीं पाहिजेत. परंतु या पुस्तकांतील वाक्यांचा कल पाहा. आभार, क्षमायाचना, विनंती, होकार. पुस्तक मिटल्यावर विद्यार्थ्याजवळ उरतें तें दाराशीं उभ्या असलेल्या माणसाचें इंग्रजी. 'हें चूक आहे, आणि माझीं कारणें अशीं', हें सांगणारा परिच्छेद रचण्याचा सराव त्यांत क्वचितच आढळतो. जमीन विकत घेणाऱ्याला एक इंग्रजी येते, त्याच जमिनीवर पुढें पहारा करणाऱ्याला दुसरी शिकविली जाते. अभ्यासक्रम करणाऱ्यांच्या मनांत असें कांहीं नसेल. पण साहित्याची परीक्षा हेतूवरून होत नाहीं, वाक्यांवरून होते.

याच्याजवळ दुसरें एक इंग्रजी ठेवून पाहावें. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जें निवेदन सादर केलें, तें इंग्रजींत होतें. शेतकऱ्यांकडून कर घ्यावयाचा आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरिष्ठ वर्गांना द्यावयाचा, या व्यवस्थेवर त्यांत बोट ठेवलें आहे; प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी आहे. त्याची भाषा नम्र आहे, पण वांकलेली नाहीं. जोतीराव एरवीं मराठींत लिहीत, आणि तीही रांगडी, रोंखठोक. सरकारनें ऐकावें म्हणून त्यांनीं तेंच म्हणणें सरकारच्या भाषेंत घातलें. माउलीच्या उपमेला यांतून खरा अर्थ येतो. इंग्रजी ही मागणें मांडण्याची जागा. आमच्या महाविद्यालयांच्या इंग्रजी पुस्तकांत हें निवेदन प्रथम असावयास पाहिजे. त्याचें इंग्रजी सोपें आहे, विषय विद्यार्थ्याच्या घरचा आहे, आणि त्याचें मराठी रूपांतर करूं गेल्यास वर्गांत जी चर्चा होईल, ती दहा मुलाखतींच्या नमुन्यांनीं होणार नाहीं.

येथें एका परदेशीय शिक्षकाची साक्ष उपयोगी पडेल. मायकेल वेस्ट हा ढाक्याला काम करीत असे. बंगाली विद्यार्थ्यांच्या इंग्रजीविषयीं त्यानें १९२६ सालीं ग्रंथ लिहिला. त्यानें विमा-व्यवहारांतील एक कल्पना शिक्षणाला लावली. विमा मध्येंच सोडला तर भरलेल्या पैशांतून कांहीं परत मिळतें. त्याचप्रमाणें इंग्रजीचें शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या हातीं काय उरतें, असा त्याचा प्रश्न होता. बोलण्याचा सराव अर्ध्यावर सुटला तर कांहींच उरत नाहीं. वाचतां येऊं लागलें असेल तर तें उरतें आणि वाढतें. म्हणून वाचनाला त्यानें अग्रस्थान दिलें. कर्जत-खालापूरकडील वाड्यांतून येणारा प्रत्येक जण पदवीपर्यंत पोंचतोच असें नाहीं. कोणी अकरावीला सुटतो, कोणी पहिल्या वर्षाला. त्याला वेस्टचा प्रश्न अगदीं नेमका लागू पडतो. दोन वर्षें सक्तीचें इंग्रजी शिकून सुटलेल्या मुलाजवळ आज काय उरतें? पाठ केलेला स्वपरिचय. त्याऐवजीं एक इंग्रजी पान कोशाच्या साहाय्यानें उलगडून मराठींत सांगण्याची शक्ति उरली असती, तर ती त्याच्या गांवालाही उपयोगी पडली असती.

इंग्रजीखेरीज इतर परभाषांची गोष्ट आणखी निराळी. मुंबई-पुण्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांत फ्रेंच, जर्मन घेतात, त्यांतील पुष्कळांचा डोळा गुणांवर असतो. मुंबई आणि पुणें या दोन शहरांत या भाषांच्या अध्ययनाची जी सोय आहे, तिच्या बरोबर मधोमध कर्जत आहे. पण त्या सोयींना घेऊन जाणाऱ्या गाड्या त्याच्या फलाटावरून पुढें निघून जातात. ही उणीव भरून निघावी, हें म्हणणें योग्यच आहे. तरी परभाषाध्ययनाचें मोल कशानें मोजावें? आमच्या मतें, शिकणारा परत येतांना काय घेऊन येतो यानें. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं गोव्याच्या दफ्तरखान्यांतील पोर्तुगीज कागद वाचले आणि मराठ्यांच्या इतिहासाची एक अंधारी बाजू उजेडांत आली. त्यांचा 'पोर्तुगीज-मराठे संबंध' हा ग्रंथ १९६७ सालीं पुणें विद्यापीठानें काढला. सेतुमाधवराव पगडी हे फारसीचे जाणकार. परंतु हैदराबाद संस्थानांत अधिकारी असतां ते गोंडी शिकले आणि त्यांनीं तिचें व्याकरण लिहिलें. फारसींतून इतिहासाचीं साधनें मराठींत आणणाऱ्या विद्वानाला गोंडांच्या बोलींतही शिकण्याजोगें व्याकरण दिसलें, ही दृष्टि दुर्मिळ आहे. आमचा विद्यार्थी जर्मन शिकण्यास उत्सुक असतो, पण त्याच बाकावर बसलेल्या कातकरी मुलाची भाषा शिकावी असें त्याला कोणी सांगत नाहीं. परभाषा दूरच असली पाहिजे, असा जणूं नियमच झाला आहे.

हा सर्व विचार पांडित्याचा आहे, पोटाचा नव्हे, असें कोणास वाटण्याचा संभव आहे. म्हणून एक कठोर गोष्ट सांगावी लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ती ठाकरांची वाडी होती. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें बेपत्ता राहिलीं आणि चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. कोणती विद्या असती तर हें टळलें असतें, असें म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. परंतु त्या डोंगरांविषयींचें शास्त्र कोणत्या भाषेंत आहे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. सह्याद्रीच्या खडकांची, उतारांची, पावसाची व जंगलतोडीची चर्चा जवळजवळ सारी इंग्रजींत आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें २०११ च्या ऑगस्टांत दिलेला अहवाल इंग्रजींतच होता. तो लोकांच्या भाषांत ग्रामसभांपुढें जावा असा गाडगीळांचा जाहीर आग्रह होता, आणि तो आग्रह धरावा लागला यांतच सारें आलें. ज्या वाडीचा डोंगर, तिला आपल्या डोंगराविषयीं छापलेलें वाचतां येत नाहीं; आणि वाडीचा म्हातारा झऱ्याचें गढूळ होणें, भेगांचें रुंदावणें ज्या शब्दांत सांगतो, तें शब्द अहवाल लिहिणाऱ्यांना समजत नाहींत. या दोघांच्या मध्यें उभा राहूं शकेल असा एकच माणूस आहे. तो म्हणजे त्या वाडींतून किंवा तिच्या पायथ्याच्या गांवांतून महाविद्यालयांत आलेला विद्यार्थी. त्याला इंग्रजी शिकविण्याचें याहून मोठें प्रयोजन आम्हांस सुचत नाहीं.

भाषांतराचा असा पुरस्कार केल्यास दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, भाषांतरानें शिकलेली इंग्रजी अडखळती होते; मनांत मराठी जुळवून मग बोलणारा मागें पडतो. हें कांहीं अंशीं खरें आहे, आणि बोलण्याचे तास वेगळे ठेवावेत, त्यांत मराठी येऊं देऊं नये, हें आम्हांस मान्य आहे. पण अडखळत बोलणारा आणि समजून वाचणारा यांत निवड करावयाची झाली, तर वाचणाऱ्याला पुढें बोलणें साधतें. केवळ बोलावयास शिकलेल्याला वाचन क्वचित् साधतें. दुसरा आक्षेप आईबापांचा आहे, आणि तो अधिक आदरानें ऐकला पाहिजे. आमच्या मुलाला नोकरी पाहिजे, त्याच्या गळ्यांत पुन्हां मराठी कां अडकवितां, असें ते विचारतील. त्यांना उत्तर असें कीं, मराठी गळ्यांत अडकविण्याचा हा विचार नाहीं. इंग्रजीला पाय देण्याचा आहे. ज्या वाक्याचा अर्थ आपल्या भाषेंत सांगतां येत नाहीं, तें वाक्य आपलें झालेलें नसतें. तें वरिष्ठानें उच्चारलें तर आज्ञा म्हणून ऐकूं येतें, करारांत छापलें तर सही करावयास लावतें, आणि आपण उच्चारलें तर पाठांतर ठरतें.

म्हणून सुचवावयाचें तें इतकेंच. या भागांतील सक्तीच्या इंग्रजीच्या वर्गांत दर आठवड्यास एक तास 'दर्पणा'च्या दोन स्तंभांचा असावा. एका बाजूस इंग्रजी पान असावें आणि तें विद्यार्थ्याच्या जगण्याशीं लागून असावें. जंगल-हक्काचा २००६ चा कायदा, रुग्णालयाची सूचना, नोकरीचा करार, डोंगरावरील अहवालाचा एक परिच्छेद, फुल्यांचें निवेदन, आणि मधून मधून एखादी चांगली गोष्टही. दुसऱ्या बाजूस विद्यार्थ्यानें मराठी लिहावें. ज्या वर्गांत ठाकर, कातकरी मुलें आहेत, तेथें तिसरा स्तंभ मोकळा ठेवावा आणि तो त्यांनीं आपल्या बोलींत भरावा. शिक्षकाला ती बोली येणार नाहीं. तेव्हां त्या एका तासांत तो विद्यार्थी शिक्षक होईल. उलट दिशेनेंही तसेंच करावें. वाडींतील एखादी हकीकत, पाण्याची, रस्त्याची, भट्टीवरच्या हिशेबाची, बोलींतून मराठींत व मराठींतून इंग्रजींत न्यावी. यासाठीं नवी इमारत नको, यंत्र नको; कोश पाहिजे, फळा पाहिजे, आणि चूक दाखवितांना न हंसणारा शिक्षक पाहिजे.

वाघिणीची उपमा आतां निवृत्त करावी. तिनें एका पिढीचें काम केलें आणि पुढच्या पिढ्यांना लाजविलें. माउलीची उपमा ठेवावी, पण सावित्रीबाईंच्या व्यवहारासकट ठेवावी. इंग्रजी या भागांत पहिल्यांदा आली तेव्हां घाट चढण्यासाठीं खोपोलीच्या माणसांनीं उतारूंच्या डोल्या खांद्यावर घेतल्या होत्या. त्या उतारूंनीं गांवाचें नांवही नीट लिहिलें नाहीं. त्यांच्या नातवंडांना आज महाविद्यालयांत जी इंग्रजी मिळते, तिनें निदान आपल्या वाडीचें, डोंगराचें आणि बोलीचें नांव त्यांना इंग्रजींत बिनचूक लिहितां यावें, आणि त्या नांवाखालीं दुसऱ्यांनीं काय लिहून ठेवलें आहे, तें वाचतां यावें.